सगळ्यात शेवटी पळणाऱ्या बाईसाठी कोण थांबणार?

पत्र: मी ४४ वर्षांची, माहीमला राहते. वर्षभर रोज सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती चालतेय. दोन महिन्यांपासून थोडं पळणं, थोडं चालणं सुरू केलंय, आता सलग सहा-सात मिनिटं पळता येतं. आमच्या बिल्डिंगमधल्या एक ताई ज्या रनिंग ग्रुपमध्ये आहेत, तो दर रविवारी पहाटे पावणेसहाला पार्कात जमतो. त्या म्हणतात, ‘ये गं, सगळे आपलेच आहेत.’ पण तिथले बरेचजण जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी करतायत. मी सगळ्यात मागे राहणार आणि माझ्यासाठी सगळे खोळंबणार, ही कल्पनाच नको वाटते. थायरॉइडची गोळी रोज उपाशीपोटी घेते, मग पळायच्या आधी खायचं काय? बूट तेच चालायचे चालतील का? की आधी एकटीनेच तयारी वाढवू आणि मग जाऊ?
— कट्ट्यावरची, माहीम

उत्तर:

‘कट्ट्यावरची’, जा. हा रविवार जमला नाही तर पुढचा, पण ‘अजून थोडी तयारी झाली की’ हे नको. ती तयारी कधी पुरेशी वाटत नाही, आणि दुसरं म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी ग्रुपमधल्या लोकांचाही दम वाढत असतो. दोन महिन्यांनी गेलात तर त्यांच्यातलं आणि तुमच्यातलं अंतर आजच्याएवढंच असेल, कदाचित जास्तच. वर्षभराचं रोजचं चालणं आणि सलग सहा मिनिटं पळणं एवढी शिदोरी पहिल्या रविवारला पुरते.

आता मागे राहण्याचं. राहाल. बहुतेक सगळ्यात मागे राहाल. खोळंबा मात्र होणार नाही. त्यात कुणाच्या मनाचा मोठेपणा नाही, साधा हिशोब आहे.

पार्काच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी साधारण १.१७ किलोमीटरची. सहाचा पेस, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं, असणारा माणूस ती सात मिनिटांत संपवतो. तुम्ही दोन मिनिटं पळून एक मिनिट चालणार असाल, आणि पळताना साडेसातचा, चालताना अकराचा पेस धरला, तर सरासरी पडते किलोमीटरला आठ मिनिटं तेवीस सेकंद. म्हणजे एका फेरीला पावणेदहा-दहा मिनिटं. सुटल्यापासून पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास तो सहावाला मागून येऊन तुम्हाला गाठेल, ‘मस्त, चालू द्या’ म्हणेल आणि पुढे जाईल. बघणाऱ्याला तुम्ही मागे आहात की एक फेरी पुढे, हेही कळत नाही. शिवाय मोठी शर्यत धरणारे रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं, करतात. हाफवाल्यांना, म्हणजे २१ किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना, त्या दिवशी सोळा-अठरा किलोमीटर काढायचे असतात, ४२ किलोमीटरच्या फुलवाल्यांना त्याहून बरेच जास्त. तुमच्या चार फेऱ्या संपून तुम्ही घरी पोहोचाल तेव्हाही ते रस्त्यावरच असतील.

म्हणून पहिली अट एवढीच: पहिला दिवस फेरीच्या रस्त्यावरच. ताईंनी ऐनवेळी ‘आज वरळी सी फेसला जातोय, चल’ म्हटलं तर गोड बोलून नाही म्हणा. सरळ जाऊन तसंच परत यायच्या रस्त्यावर तिसऱ्या किलोमीटरला पाय संपले तर परतीचे तीन बाकी असतातच, आणि पिशवी, पाणी, किल्ल्या राहतात पार्कात. खोळंबा होतो तो असा. पार्कात दर दहा मिनिटांनी तुम्ही पिशवीपाशी परत येता आणि कुठल्याही फेरीला, कुणाला न विचारता, थांबू शकता.

शनिवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपच्या ॲडमिनला निरोप टाका. ताईंकरवी नको, स्वतः. असा:

‘नमस्कार, मी रविवारी पहिल्यांदा येतेय. रन-वॉक करते, पेस साडेआठच्या आसपास. चार फेऱ्या करून थांबणार आहे. माझ्यासाठी कुणी मागे राहायची गरज नाही. सामान कुठे ठेवता आणि माझ्या पेसचं आणखी कुणी आहे का, तेवढं कळवा.’

यात आकडा महत्त्वाचा. ‘मी नवीन आहे, जरा हळू पळते’ असं मोघम लिहिलंत की समोरच्याला काहीच कळत नाही. हाफ मॅरेथॉन दोन तासांत मारणारे लोकही स्वतःला ‘फार स्लो’ म्हणवतात, रनर मंडळींची ती सवयच आहे. साडेआठ म्हटलं की चित्र लख्ख होतं. आपला पेस माहीत नसेल तर गुरुवारी दोन फेऱ्या नेहमीसारख्या पळत-चालत करा, मोबाइलवर वेळ लावा आणि मिनिटांना २.३४ ने भागा. वीस मिनिटं लागली तर साडेआठ, बावीस लागली तर जवळपास साडेनऊ. जो आकडा येईल तोच लिहा, सजवू नका. सजवलेल्या आकड्यामुळे तुम्हाला चुकीच्या माणसांबरोबर उभं करतील.

त्याच निरोपात फीचं विचारून घ्यायला हरकत नाही. काही ग्रुप फुकट असतात, काही कोच चालवतो आणि महिन्याचे पैसे घेतो. दोन्हीत गैर काही नाही. पहिल्याच दिवशी टी-शर्ट, तीन महिन्यांची फी किंवा शर्यतीची नोंदणी गळ्यात पडत असेल तर ‘दोन-तीन रविवार बघते’ म्हणून मोकळ्या व्हा.

आता खरी गडबड जिथे होते ती पहिली दहा मिनिटं. वॉर्मअप झाला, फोटो झाला, कुणीतरी ‘तीन, दोन, एक’ म्हटलं, आणि सगळे सुटतात. ताई शेजारी गप्पा मारत असतात, त्यांचा आरामाचा पेस पावणेसात. तुम्ही त्यांच्याबरोबर निघता आणि आश्चर्य म्हणजे सोपं जातं! ते सोपेपण फसवं असतं. पळायला लागल्यावर स्नायूंना लागेल तेवढा ऑक्सिजन मिळायला शरीराला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर उधारीवर काम चालतं, त्यामुळे सुरुवातीला कुठलाही वेग झेपल्यासारखा वाटतो. चौथ्या-पाचव्या मिनिटाला वसुली सुरू होते: श्वास तुटक, बरगडीखाली कळ, मांड्या जड. मग तुम्ही थांबता, ताई थांबतात, ‘तू जा गं पुढे’, ‘नाही गं, थांबते’ हा संवाद होतो आणि जे टाळायचं होतं नेमकं तेच घडतं.

यावर उपाय सुरुवातीच्या रेषेवरच करायचा. ताईंना आधीच सांगा, भेटू चहाला. सगळ्यांच्या मागे उभ्या राहा. आणि पहिल्या फेरीत एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं एवढंच ठेवा. हो, सगळे पळत असताना सुटल्यावर साठाव्या सेकंदाला तुम्ही चालायला लागायचं. लाज वाटेल, पण रन-वॉकचं सगळं तंत्र या एका गोष्टीवर उभं आहे: चालायचं ते दम लागल्यावर नाही, लागायच्या आधी. ही पद्धत जगभर रुजवणारे अमेरिकेचे जेफ गॅलोवे स्वतः १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर पळालेले होते, तेव्हा हे काही न झेपणाऱ्यांचं पळणं आहे असं मनात आणू नका. दुसऱ्या फेरीपासून दोन मिनिटं पळा, एक मिनिट चाला. मोबाइलवर इंटरव्हल टायमरचं कुठलंही फुकट ॲप चालेल, आवाजाऐवजी व्हायब्रेशन लावा. चालायला लागताना डाव्या कडेला सरका आणि हात वर करा, म्हणजे मागून येणारा आपटणार नाही.

वेग बरोबर आहे का, हे घड्याळात बघू नका. आपला घरचा पत्ता, फ्लॅट नंबरपासून पिनकोडपर्यंत, पळता पळता बोलून बघा. मध्ये एकदा श्वास घेऊन पूर्ण झाला तर वेग ठीक. प्रत्येक शब्दाला श्वास लागला तर जास्त आहे, तिथेच कमी करा. कमी करताना पाऊल छोटं करा. लांब टांग टाकली की टाच शरीराच्या पुढे आपटते आणि तो हादरा थेट गुडघ्याला जातो. बरगडीखाली कळ आलीच तर चालायला लागा, त्या जागी दोन बोटं दाबा आणि श्वास सोडताना पूर्ण, लांब सोडा. एक-दोन मिनिटांत जाते.

चार फेऱ्या म्हणजे ४.६८ किलोमीटर, चाळीसेक मिनिटं. घड्याळात पाच पुरे करायला पाचवी फेरी काढायचा मोह होईल, शेजारचाही म्हणेल ‘अजून तीनशे मीटरच तर’. पहिल्या दिवशी नको.

गोळी आणि खाणं. थायरॉक्सिनची गोळी घेतल्यावर अर्धा ते एक तास काही खायचं नसतं, चहा-कॉफीही नाही, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. रविवार आहे म्हणून ती नंतरवर ढकलू नका. पाच वाजायच्या आधी, म्हणजे ४.५० ला उठलात की घ्या, ग्लासभर पाण्याबरोबर. तेच पाणी पळायलाही पुरे. पहाटे लिटरभर पाणी ढोसून येणारे दुसऱ्या फेरीत शौचालय शोधत असतात. खाण्याचं म्हणाल तर चाळीस मिनिटांच्या हलक्या पळण्यासाठी रात्रीचं नेहमीचं जेवण पुष्कळ झालं. पोळी-भाजी, वरण-भात, जे रोजचं तेच. शनिवारी रात्री बाहेरचं चमचमीत आणि उशिराचं मात्र टाळा. उपाशीपोटी चक्कर आल्यासारखं होत असेल तर साडेपाचला अर्धं केळं. गोळीला चाळीस मिनिटं झालेली असतात. एनर्जी जेल, इलेक्ट्रॉलची पिशवी यांची एवढ्याशा पळण्याला गरज नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलेलं असेलच.

गोळीचा डोस हल्लीच वाढवला असेल, किंवा नुसतं बसलेलं असतानाही छाती धडधडत असेल, तर पळण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण डोस जास्त झाला की नाडी मुळातच जोरात चालते. रक्तदाब, मधुमेह किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल तरी तसंच. आणि पळताना छातीत आवळल्यासारखं, जबड्यात किंवा हातात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काही झालं तर फेरी पुरी करायची नाही. थांबायचं, बसायचं आणि जवळच्या माणसाला सांगायचं.

बूट. चालायचे बूट चालतील की नाही हे त्यांच्या वयावर आहे. तळव्याचा फोम अंगठ्याने दाबून बघा. दबून परत येत असेल आणि टाचेचा रबर एका बाजूने झिजलेला नसेल तर पहिल्या रविवारला तेच घाला. तीन-चार वर्षांचे असतील तर फोम मेलेला असतो, पण म्हणून शनिवारी नवे घेऊन रविवारी पळायला जाऊ नका, फोड येतील. नवे घ्याल तेव्हा संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात. पायमोजे घालून उभ्या राहा, सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. तीन ते पाच हजारांत चांगला साधा जोड मिळतो. ग्रुपमध्ये बारा-पंधरा हजारांचे कार्बन प्लेटवाले, म्हणजे तळव्यात कार्बनची कडक पट्टी असलेले शर्यतीचे बूट दिसतील, ते तुमच्या कामाचे नाहीत. खरं तर ते घालणाऱ्यांपैकी अनेकांच्याही नाहीत.

कपड्यांत दोनच गोष्टी बघा. सुती टी-शर्ट आणि सुती मोजे नकोत, मुंबईच्या दमट हवेत ते घाम धरून ठेवतात आणि घासतात. आणि स्पोर्ट्‌स ब्रा घट्ट पट्ट्याची हवी, योगासनांची सैल चालत नाही. पट्ट्याखाली, काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलिन लावा, नाहीतर अंघोळीला पाणी लागल्यावर कळेल कुठे कुठे सोललंय ते.

बरोबर मोबाइल, घराची एकच किल्ली, शंभराची नोट, छोटा नॅपकिन, अर्ध्या लिटरची बाटली आणि कोरडा टी-शर्ट. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर घरच्या माणसाचा नंबर आणि रक्तगट दिसेल असं करा. पिशवी सामानाच्या ढिगात ठेवलीत तरी मोबाइल कमरेच्या पट्ट्यात अंगावरच ठेवा.

नोव्हेंबरच्या मध्याला मुंबईत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तुमचं बरंचसं पळणं अंधारात आणि झुंजुमुंजूत होणार. फिकट रंग घाला. फुटपाथवर झाडांच्या मुळांनी उचललेल्या फरशा असतात, तिथे नजर चार-पाच पावलं पुढे. दोघांपेक्षा जास्त जणींनी शेजारी शेजारी पळू नये. ती वाट आधी रोजच्या चालणाऱ्या आजी-आजोबांची आहे, आणि हे तुम्हाला कुणी सांगायला नको, तुम्ही स्वतःच वर्षभर त्यांच्यात होतात. कानात काही घालू नका. कुत्र्यांची टोळी दिसली तर पळत पार करायची नाही. चालायला लागा, डोळ्यांत बघू नका, दहा-बारा पावलं पुढे गेलात की पुन्हा पळा. या दिवसांत मैदानातली लाल माती बरीच उडते, दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर पंप खिशात हवा.

पळण्याआधी उभ्याने पोटऱ्या ताणत बसू नका. पाच मिनिटं भरभर चाला, कट्ट्याला धरून एकेक पाय दहा-दहा वेळा पुढे-मागे झुलवा, झालं. ताणायचं ते संपल्यावर: पाच मिनिटं चाला, मग पायरीवर चवडा ठेवून टाच खाली सोडा, प्रत्येक पायाला अर्धा मिनिट. मांडीचा पुढचा भागही तसाच. घामाचा टी-शर्ट लगेच बदला, कारण आता गप्पा सुरू होणार आणि त्या लांबतात.

सोमवारी-मंगळवारी जिना उतरताना मांड्या दुखतील. दोन्ही पाय सारखेच दुखत असतील आणि बुधवारी-गुरुवारी ओसरत असेल तर ते सवयीचं दुखणं, त्यावर हलकं चालणं हाच उतारा. एकाच गुडघ्यात बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, सूज असेल किंवा प्रत्येक पावलाला वाढत असेल, तर पुढचा रविवार सोडा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचाराल तर वीस उपाय येतील.

दुसऱ्या रविवारी एक धोका आहे. पहिला दिवस बरा गेला की कुणीतरी म्हणणार, ‘आता जानेवारीची दहा किलोमीटर करून टाक, अजून दोन महिने आहेत!’ हसून सोडून द्या. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत तिसऱ्या रविवारी असते आणि तिथली हौशी लोकांसाठीची ड्रीम रन साधारण सहा किलोमीटरची. हौस असेल तर पुढच्या वर्षी ती. सध्या तीन रविवार चार फेऱ्याच ठेवा, फक्त पळण्या-चालण्याचं प्रमाण बदला, दोनाला एक, मग तीनाला एक. चौथ्या रविवारी पाचवी फेरी. आठवड्यात मध्ये दोन दिवस वीस-पंचवीस मिनिटं, बाकी दिवस चालणं चालू राहू दे. मॅरेथॉन उरकली की फेब्रुवारीत निम्मा ग्रुप सुस्तावलेला असतो, पेस उतरतात, लोक गप्पा मारत पळतात. तेव्हा तुम्ही त्यांच्यात आरामात मिसळाल.

पळून झाल्यावर उडप्याकडे जायलाच हवं असं नाही, पण पहिल्या दिवशी जा. माझ्या पेसचं कोण आहे, मंगळवारी कोण येतं, हे तिथेच कळतं. गोळीला तोवर दोन तास होत आलेले असतात, कॉफी बिनधास्त घ्या.

ता. क. — ६ डिसेंबरच्या आगेमागे महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीला लाखो लोक येतात आणि पार्कात त्यांची सोय केलेली असते, त्यामुळे त्या रविवारी जागा बदलली आहे का हे आदल्या दिवशी ग्रुपवर बघा. जागा सरळ रस्त्याची असेल तर घड्याळ लावा आणि विसाव्या मिनिटाला मागे फिरा, कुठेही असलात तरी. आणि स्ट्राव्हा हे पळण्याची नोंद ठेवणारं ॲप घेणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन घराचा पत्ता आधी लपवा, मग पहिली फेरी त्यावर चढवा.